सौ. आणि गं. भा.

मी डूख धरते. हे मी कुणापासून लपवत नाही. नवऱ्याला ठाऊक आहे, ऑफिसमध्ये ठाऊक आहे, माझ्या गेटासमोर एकदा व्हॅन लावून गेलेल्या शेजाऱ्यालाही चांगलंच ठाऊक आहे. नागपूरला असताना आई म्हणायची, या पोरीचा राग येताना सरळ येतो, जायचा रस्ता मात्र त्याला सापडत नाही. लीड्सला येऊन आता वीसेक वर्षं झाली. इथल्या थंडीत बरंच काही निवलं, राग तेवढा निवला नाही. तेव्हा पुढचं वाचताना कुणी माझ्याकडून क्षमेची अपेक्षा ठेवू नये.

मी एका लहानशा संस्थेत काम करते. कार्पेटच्या दुकानावर आमच्या दोन खोल्या आहेत आणि हीटिंग एकाच खोलीत चालतं. युद्ध संपलेल्या देशांमधल्या बायकांच्या संघटनांना आम्ही मदत करतो. युद्ध संपलेल्या म्हणजे बातम्यांमधून संपलेल्या. बंदुका थांबल्या की कॅमेरे घरी जातात, आणि मग बायकांचं खरं भांडण सुरू होतं. शेत कुणाच्या नावावर, शाळेत मुलाच्या बापाचं नाव विचारलं तर सांगायचं काय, गावच्या समितीत बाईला खुर्ची मिळणार की तिनं नुसता चहा करायचा. समित्यांमधले पुरुष सगळीकडे एकच वाक्य बोलतात. ते मी वेगवेगळ्या खंडांतल्या बायकांच्या तोंडून ऐकलंय: आधी शांतता होऊ दे, बायकांचं नंतर बघू. ते नंतर कधी उजाडलेलं मी अजून पाहिलेलं नाही.

अशाच एका संघटनेची प्रमुख जानेवारीत आमच्याकडे आली. श्रीलंकेच्या उत्तरेकडची, तमिळ, पन्नाशीची, बारीक अंगाची आणि सरळ पाठीची. महिनाभर राहणार होती. हॉटेलवर घालवायला आमच्याकडे काही नव्हतं, म्हणून मी तिला माझ्या घरातली बॉक्स रूम, म्हणजे जेमतेम एक पलंग मावेल अशी खोली, दिली. पहिल्याच दिवशी म्हणाली, मला अक्का म्हण. मी म्हटलं, आमच्याकडेही थोरल्या बहिणीला अक्काच म्हणतात. तिला ते फार आवडलं. आमचं सगळं बोलणं मोडक्यातोडक्या इंग्रजीत व्हायचं, इथे मी ते मराठीत देते आहे.

रोज सकाळी ती बोटाच्या टोकावर थोडं व्हॅसलीन घ्यायची, ते कपाळाला लावायची आणि त्यावर लालभडक कुंकू. चांगलं ठसठशीत. तिच्या भाषेत त्याला पोट्टू म्हणतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी चहा पिता पिता तिनं त्यामागची गोष्ट सांगितली. युद्ध संपता संपता तिच्या नवऱ्याला इतर पुरुषांबरोबर एका बसमध्ये चढवलं होतं. तिनं ते डोळ्यांनी पाहिलं. तो स्वतःच्या पायांनी चढला, खिडकीशी बसला आणि चपला खाली राहिल्या म्हणून तिला हातानं खूण केली. बस गेली. त्यानंतर माणूस नाही, देह नाही, उत्तर नाही. तिच्यासारख्या बायका मग रस्त्याच्या कडेला ताडपत्रीखाली फोटो घेऊन बसायला लागल्या. आमची माणसं कुठे आहेत ते सांगा, एवढंच त्यांचं मागणं होतं. त्याची पुढे संघटना झाली.

त्या संघटनेचा नियम असा, की कुणी मृत्यूचा दाखला घ्यायचा नाही आणि कुणी कुंकू पुसायचं नाही. दाखला घेतला की बाईच्या नावावर जमीन होते, पण माणसाचा शोध तिथेच थांबतो. नाही घेतला तर शोध चालू राहतो, पण तिला स्वतःच्या घराची कौलंसुद्धा बदलता येत नाहीत, कारण घर बसमधून गेलेल्या माणसाच्या नावावर. गावच्या समितीतले पुरुष रोज येऊन समजावायचे, घ्या दाखला, कशाला ताणता. कुंकू पुसलं तर हेच लोक म्हणणार होते, बघा, तिनंच मानलं. म्हणून त्या बायका उन्हातान्हात कुंकू लावून बसायच्या. विधवा हा शब्द त्या तंबूत कुणी उच्चारायचा नाही.

मी जन्मभर कुंकवाला नाक मुरडत आले. नोकरी लागल्यापासून लावलं नाही, लग्नानंतर त्यावरून सासूबाईंशी खटके उडाले, आणि मी जिंकले याचा मला अजून अभिमान आहे. आणि माझ्याच बॉक्स रूममध्ये ही बाई चिमूटभर कुंकवाच्या जोरावर अख्ख्या सरकारशी भांडत होती. मी तिला म्हटलं, अक्का, तू माझी पंचाईत केलीस. ती म्हणाली, तुला नको असलं तर पुसायची मुभा आहे, मला नको असलं तरी नाही.

फेब्रुवारीत त्यांच्या गावात चौकशी करणारी मोठी माणसं येणार होती. आजवर अशा बैठकीत समितीतले पुरुषच बायकांच्या वतीनं बोलत आले होते. या वेळी पहिल्यांदा बायकांनी भांडून स्वतःचं माणूस नेमलं होतं. ते माणूस म्हणजे अक्का. तिचं इथे येणंसुद्धा त्याच तयारीसाठी होतं, नीट मुद्दे मांडता यावेत म्हणून. रात्री जेवताना ती ते मुद्दे मला ऐकवायची आणि मी तिचं इंग्रजी सुधारायचे, म्हणजे बहुतेक वेळा बिघडवायचे.

आता आमच्या मंडळाच्या काकू. लीड्सच्या आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या त्या अध्यक्षा. मूळच्या पुण्याच्या, आयुष्य इथे औषधांच्या दुकानात काढलं, आता रिटायर्ड. मंडळ म्हणजे काकू आणि काकू म्हणजे मंडळ. कार्यक्रमपत्रिकेवर त्यांच्या नावाआधी सौ. छापलं नाही म्हणून एकदा त्यांनी अख्खा गठ्ठा रिसायकलिंगमध्ये टाकायला लावला होता. त्यांचे यजमान अगदी उलट. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. कार्यक्रम कसलाही असो, काका प्रोजेक्टर लावतात, खुर्च्या मांडतात, चहा गाळतात आणि शेवटी खुर्च्या उचलतात. काकूंनी त्यांना कधी माइक दिल्याचं मला आठवत नाही.

अक्का माझ्याकडे आल्याचं कळताच काकूंचा फोन आला. "अगं ऐक ना, ह्या वर्षी हळदीकुंकवाला कौन्सिलर येतायत. सो आय वॉज थिंकिंग, काहीतरी विमेन एम्पॉवरमेंटचा अँगल हवा. तुझी ती श्रीलंकन लेडी आहे ना, तिला चीफ गेस्ट करू. वॉर विडोज, किती पॉवरफुल!"

मी तिथेच थांबवलं. म्हटलं, "काकू, एक गोष्ट नीट ऐका. त्यांना विडो म्हणायचं नाही. त्यांचा नवरा बेपत्ता आहे. त्या कुंकू लावतात. हे त्यांच्यासाठी फार महत्त्वाचं आहे."

"अगं कळलं गं, सेन्सिटिव्ह इश्यू आहे. डोंट वरी. मी बोलेन व्यवस्थित."

"आणि त्यांना बोलायला वेळ द्या."

"ऑफ कोर्स! त्यासाठीच तर बोलावतोय."

अक्काला मी विचारलं, येशील का? हळदीकुंकू म्हणजे काय तेही सांगितलं. बायका बायकांना बोलावतात, हळद लावतात, कुंकू लावतात, काहीतरी वाण देतात. हे सगळं सवाष्णींचं असतं हेही सांगितलं. ती म्हणाली, मग मला जायलाच हवं.

कम्युनिटी सेंटरच्या हॉलमध्ये कार्यक्रम होता. काळ्या साड्या, काळ्या साड्यांवर पफर जॅकेटं, तिळगुळाचे डबे, आणि वाण म्हणून प्लास्टिकचे एअरटाइट डबे. कौन्सिलरबाई, म्हणजे आमच्या भागाच्या नगरसेविका, पहिल्या रांगेत हसत बसल्या होत्या. त्यांच्या शेजारी अक्का, मोरपंखी साडीत, कपाळावर तिचं ते कुंकू. तिनं मुद्दे पाठ केले होते आणि ओठांतल्या ओठांत म्हणत होती.

काकू माइकवर आल्या. आधी इंग्रजीत म्हणाल्या की आज आपल्यात एक शूर वॉर विडो आहेत, शेकडो विडोजच्या लीडर. मग आजीमंडळींना कळावं म्हणून मराठीत म्हणाल्या, "युद्धात पती गमावलेल्या, विधवांसाठी लढणाऱ्या आपल्या भगिनी." विडो हा शब्द अक्काला कळत होता. मी दोन खुर्च्या पलीकडे होते. तिची पाठ आणखी सरळ झालेली मला दिसली. मी उठणार होते, पण तेवढ्यात शाल आली, गुच्छ आला, फोटो झाले, आणि तिच्या भाषणाची वेळ आली तेव्हा काकू कौन्सिलरना म्हणाल्या की लंच थंड होतंय, सो वी विल हिअर फ्रॉम हर सम अदर टाइम.

आणि मग हळदीकुंकू सुरू झालं. कमिटीतली एक बाई तबक घेऊन पहिल्या रांगेतून येत होती. कौन्सिलरना लावलं, त्यांनी डोळे मिटून घेतले. पुढचं कपाळ अक्काचं. त्या बाईनं बोट कुंकवात बुडवलंसुद्धा होतं. काकूंनी मागून येऊन हळूच तिचं मनगट धरलं आणि म्हणाल्या, "त्यांना नको गं. त्यांना नुसता तिळगूळ दे." अगदी मायेनं म्हणाल्या. तबक अक्काला ओलांडून पुढच्या बाईकडे गेलं. कपाळावर ठसठशीत कुंकू असलेल्या बाईला कुंकू नाकारायचं, तेही तिला प्रमुख पाहुणी म्हणून बोलावून, हे फक्त आपल्याच लोकांना जमू शकतं.

अक्कानं तिळगूळ घेतला. थँक यू म्हणाली. गाडीत बसल्यावर तिनं पदरानं कपाळ टिपलं आणि पदराला लाल लागलंय का ते पाहिलं. एवढंच. मी घरी येईपर्यंत रेडिओ लावून ठेवला, कारण माझ्या तोंडून जे निघालं असतं ते ड्रायव्हिंग करताना बोलण्यासारखं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मंडळाच्या पानावर रील आलं. शाल, गुच्छ, कौन्सिलरबाई, आणि अक्काच्या चेहऱ्याखाली मोठ्या अक्षरांत 'वॉर विडो'. कौन्सिलरबाईंनी ते पुढे पाठवलं, त्यांच्याकडून लंडनच्या तमिळ लोकांकडे गेलं, आणि दोन दिवसांत ते अक्काच्या गावात पोहोचलं. समितीतल्या एका पुरुषानं तंबूत जाऊन ते बायकांना दाखवलं. म्हणाला, तुम्ही इथे कुंकू लावून बसा, तुमची पुढारीण तिकडे विधवा म्हणून शाली घेते आहे.

मी सकाळी खाली आले तेव्हा अक्का स्वयंपाकघरात फोनवर होती. तमिळ मला येत नाही. इल्लै, इल्लै, नाही, नाही, एवढंच कळत होतं. पलीकडे बऱ्याच बायका एकदम बोलत होत्या. फोन ठेवून ती म्हणाली, "ते काढून टाकायला सांग. आणि मी तसं म्हणाले नव्हते, एवढं त्यांनी लिहावं. बैठकीच्या आधी."

मी तसल्याच अवतारात काकूंकडे गेले. काकांनी दार उघडलं आणि चहा ठेवायला आत गेले. काकूंना मी सगळं सांगितलं, बैठक, समिती, तंबूतल्या बायका. शांतपणे सांगितलं, खरंच. काकू म्हणाल्या, "अगं, पण कौन्सिलरनी शेअर केलंय. आता काढलं तर कसं दिसेल? अँड सो मेनी लाइक्स. पुढच्या वर्षी हॉल फ्री मिळेल आपल्याला यामुळे."

"काकू, त्या विधवा नाहीत. मी फोनवर सांगितलं होतं."

"हो गं, पण इतकी वर्षं झाली. टेक्निकली विडोच ना ती?"

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ते काय असतं ते मला त्या सोफ्यावर कळलं. मी उठले, चहा न घेता निघाले. टेक्निकली. त्या बाईनं पाहिलेली बस, खिडकीतला हात, तंबूतली सगळी वर्षं, आणि या बाईनं लीड्समध्ये सोफ्यावर बसून एका शब्दात निकाल लावला. मी गाडीत बसले आणि ठरवलं, याचं उट्टं काढायचं. कसं ते तेव्हा माहीत नव्हतं. काढायचं एवढं नक्की.

अक्का महिना संपल्यावर परत गेली. रील तसंच होतं. फेब्रुवारीतल्या बैठकीत बायकांच्या वतीनं समितीतला तोच पुरुष बोलला. बायकांनी अक्काला संघटनेतून काढलं नाही, पण म्हणाल्या, या वेळी तू मागे बस. हे तिनं मला फोनवर सांगितलं, कुणाबद्दल तक्रार न करता सांगितलं. तक्रार केली असती तर मला कमी लागलं असतं. त्या पुरुषानं बैठकीत काय मागितलं? दाखले लवकर द्या. म्हणजे आता रील काढलं काय आणि ठेवलं काय, जे जायचं ते गेलं होतं. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे मी जे केलं ते कुणाचं भलं करायला केलं असं कुणाला वाटू नये. तो निव्वळ सूड होता.

संधी काकूंनीच आणून दिली. मार्चमध्ये मंडळाचा महिला दिन होता. नेहमी सूत्रसंचालन करणारी बाई भारतात गेली होती. काकूंनी मला फोन केला, जसं मधे काही झालंच नव्हतं. "तुझं मराठी किती छान आहे गं, नागपूरची असून." मी म्हटलं, "करते की."

पंधरवडाभर मी मनातल्या मनात घोकत होते. ऑफिसला जाताना बसमध्ये, भाजी चिरताना, आंघोळ करताना. नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "अगं, पण काकांचा काय दोष?" मला काका आवडतात. माझ्या मुलीच्या वाढदिवसाला त्यांनी फुगे फुगवलेत. मी जे करणार होते त्यात घाव काकूंना बसणार होता, पण जीव काकांचा घ्यावा लागणार होता. एक रात्र मी त्यावर तळमळले. सकाळी तो शब्द पुन्हा आठवला, टेक्निकली, आणि मी जांभळी साडी इस्त्री केली.

हॉल तोच होता. त्याच कौन्सिलरबाई पुन्हा पहिल्या रांगेत. काका प्रोजेक्टरची वायर लावत होते, स्क्रीनवर निळा चौकोन येत होता आणि जात होता. काकू पैठणी नेसून माझ्या हाकेची वाट बघत पायरीशी उभ्या होत्या. मी माइक हातात घेतला.

"आता टाळ्यांच्या गजरात स्वागत करूया," मी म्हणाले, "आपल्या मंडळाच्या अध्यक्षा, गंगा भागीरथी..." आणि पुढे काकूंचं संपूर्ण नाव घेतलं, मधल्या नावासकट.

टाळ्यांसाठी वर गेलेले हात वरच राहिले. मागच्या आजीबाईंनी "अगं बाई!" म्हटलेलं पार माइकपर्यंत ऐकू आलं. इथेच जन्मलेली आमची एक तरुण सॉलिसिटर शेजारणीला विचारत होती, "गंगा भागीरथी म्हणजे तो नदी ना? काकूचा नवीन टायटल आहे का?" कौन्सिलरबाईंना काहीच कळलं नव्हतं, म्हणून मी त्यांच्यासाठी भाषांतर केलं. म्हटलं, अवर चेअर, अ व्हेरी ब्रेव्ह विडो. त्यांनी ताबडतोब छातीवर हात ठेवला आणि काकूंकडे बघून आय अॅम सो सॉरी असं तोंड केलं. ते तोंड बघायला मी जन्मभर पैसे देऊन तिकीट काढेन.

काकू पायरी चढून माझ्या अंगावर आल्या. "जीभ झडली नाही तुझी? शरम वाटत नाही? माझा नवरा जिवंत आहे! समोर उभा आहे माझा नवरा!"

"हो, दिसतायत," मी म्हटलं. माइक चालूच होता. "अक्काचा नवरा दिसत नाही, एवढाच फरक. त्याला तुम्ही याच जागेवर उभं राहून मारलंत. माझी तर नुसती बोलण्यात चूक झाली. टेक्निकली."

"त्याची गोष्ट वेगळी! तो गेलेलाच असणार!"

"काऊन? तुम्ही पाहिलं?"

काकू रडायला लागल्या. मंगळसूत्र मुठीत घट्ट धरून, पैठणीचं भान न ठेवता, लहान मुलीसारख्या रडल्या. कुणीतरी पाणी आणलं. त्यांनी पाणी घेतलं नाही, आधी पर्स मागितली, त्यातून कुंकवाची डबी काढली आणि सगळ्यांसमोर कपाळाला लावलं, होतं त्यावरच पुन्हा. घाईत ते भुवईपर्यंत फासलं गेलं. मी बघत होते. मला बरं वाटत होतं. आज कुणी विचारलं तर आजही सांगेन, मला फार बरं वाटत होतं.

मग मागून काकांचा आवाज आला. इतक्या वर्षांत हॉलमध्ये काका मोठ्यानं बोललेले मी पहिल्यांदा ऐकले. "तो व्हिडिओ काढून टाक."

"तुम्ही खाली बसा!" काकू म्हणाल्या.

"मी जिवंत आहे ना?" काका म्हणाले. "मग ऐक. आत्ता काढ."

त्यांनी वायर हातातून सोडली नव्हती. काकूंनी फोन काढला, डोळे पुसत पुसत चष्मा शोधला आणि रील काढून टाकलं. त्या सॉलिसिटरनं शेजारी उभं राहून कुठलं बटण दाबायचं ते दाखवलं. मंडळानं नंतर दोन ओळी लिहिल्या, की आमच्या पाहुण्यांचा उल्लेख चुकीचा झाला, त्यांचे पती बेपत्ता आहेत आणि त्या त्यांना शोधत आहेत. त्या ओळींना फार लाइक्स आले नाहीत.

मला मंडळातून जा असं कुणी म्हटलं नाही, पण चहाच्या वेळी माझ्या भोवतीच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या. काका तेवढे कप घेऊन आले. म्हणाले, "तू केलंस ते चांगलं नाही केलंस." मग म्हणाले, "मला मारायच्या आधी एकदा विचारायचं होतंस. मी हो म्हटलं असतं." आणि ते दुसऱ्या टेबलाकडे चहा द्यायला गेले. त्या सगळ्या दिवसात मला खाली बघायला लावणारं तेवढं एकच वाक्य होतं.

पुढच्या रविवारी मी अक्काला फोन केला. इथे दुपार होती, तिथे संध्याकाळ. मी तिला सगळं सांगितलं, अगदी कौन्सिलरबाईंच्या तोंडासकट, पैठणीसकट. सांगताना मी इतकी खुशीत होते की दोनदा इंग्रजी सोडून मराठीत घुसले. ती ऐकत होती. मागे बायका बोलत होत्या, एक मोटरसायकल गेली.

"रडली?" तिनं विचारलं.

"खूप."

"कुंकू पुसलं?"

"छे. उलट आणखी लावलं."

"आणि तिचा नवरा?"

"तिथेच होता. उभा."

मला वाटलं, आता अक्का हसेल. निदान थँक यू म्हणेल.

"म्हणजे किती वेळ विधवा होती ती?" तिनं विचारलं.

"दोन-चार मिनिटं," मी म्हटलं.

"मग तिला काही कळलं नसेल," अक्का म्हणाली. "चल, ठेवते. आज तंबूत माझी पाळी आहे."